वाहक भ्रूण ठेवायचा का? नागपुरातील एका सिकलसेल कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर नागपुरातल्या एका कुटुंबाचे आहे. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उपचारांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. जनुकीय समुपदेशक म्हणून मी या कुटुंबासोबत पहिल्या भेटीपासून होते.

सुजाता 31 वर्षांची, एका खासगी शाळेत शिक्षिका. राहुल 35 वर्षांचा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्स विभागात कामाला. दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे जनुकाची एक प्रत चांगली आणि एक सदोष, इकडच्या बोलीत 'एएस पॅटर्न'. सुजाताला हे कॉलेजातल्या तपासणी शिबिरापासून माहीत होते. राहुलची तपासणी कधीच झालेली नव्हती. लग्नाच्या बैठकीत शिक्षण, नोकरी, घर सगळे विचारले गेले, हा एक प्रश्न राहून गेला.

2017 मध्ये मुलगा झाला. 14 महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटे सुजली आणि तो रात्ररात्र रडू लागला. एचपीएलसी तपासणीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासणीत, 'एसएस' निघाले, म्हणजे दोन्ही प्रती सदोष, प्रत्यक्ष आजार. मग घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले गेले. राहुल एएस निघाला, त्याची आईही एएस. मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध सुरू झाले. तरीही वर्षातून एक-दोनदा क्रायसिस (तीव्र वेदनांचा झटका) येऊन भरती व्हावेच लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी कमी झाले की हमखास.

पुढच्या गरोदरपणात 12 व्या आठवड्यात वारेची तपासणी (सीव्हीएस) केली. तो गर्भही एसएस निघाला. दोघांनी गर्भपाताचा निर्णय घेतला. सुजाता त्याबद्दल फार बोलत नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, तो निर्णय बरोबर होता, पण पुन्हा घ्यायची ताकद नाही." त्यानंतर दोन वर्षे दिवस राहिले नाहीत. गर्भनलिकांची (ट्यूब) तपासणी केली तेव्हा दोन्ही बाजू बंद आढळल्या. आता टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफ, हाच मार्ग होता.

अडचण

सिकलसेल हा 11 व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाचा आजार आहे. तिथे 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' येते आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के, एएसची 50 टक्के आणि एएची, म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या असण्याची, 25 टक्के. आधीची दोन मुले एसएस होती म्हणून पुढच्या वेळी ही शक्यता कमी होत नाही. राहुलचा समज तसा होता आणि तो दूर व्हायला वेळ लागला.

विदर्भात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तो अनेक जातीजमातींत आढळतो. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे एएस असलेली माणसे मलेरियातून जास्त वाचली आणि जनुक टिकून राहिले, हे त्यामागचे कारण. नागपुरात यावर उघडपणे बोलायची सवय लावण्यात संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा आहे. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2023 च्या जुलैपासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. तपासणी वाढली आहे. पण दोन वाहक एकमेकांशी लग्न करून बसल्यावर पुढे काय, याचे मार्गदर्शन अजून फार थोड्यांपर्यंत पोहोचते.

या जोडप्यापुढचा प्रश्न तसा साधा दिसत होता. आयव्हीएफ करायचेच आहे, तर गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूण तपासायचा का? तपासायचा तर कशासाठी, आणि अहवाल हाती आल्यावर काय करायचे? खरी ओढाताण तिसऱ्या प्रश्नावर झाली.

कोणते पर्याय तोलले

एकाच मुलावर थांबणे हा पर्याय सुजाताने स्वतः मांडला आणि स्वतःच बाजूला ठेवला. दात्याचे शुक्राणू किंवा स्त्रीबीज घेण्याला राहुल तयार नव्हता. दत्तकाची माहिती दोघांनी काढली, पण मोठ्या मुलाच्या भरत्यांमध्ये ती प्रक्रिया झेपेल असे त्यांना वाटेना.

उरले दोन मार्ग. पहिला, साधे आयव्हीएफ करायचे आणि गर्भ राहिला की 11 ते 13 आठवड्यांत सीव्हीएस. खर्च कमी, पण एसएस निघाला तर पुन्हा तोच गर्भपाताचा निर्णय. दुसरा, भ्रूणाची जनुकीय चाचणी. एकाच ठरावीक आजाराच्या जनुकासाठी केली जाणारी ही चाचणी 'पीजीटी-एम' म्हणून ओळखली जाते. सिकलसेलसाठी ती वापरून निरोगी जुळी मुले जन्मल्याची पहिली नोंद 1999 सालची आहे, म्हणजे तंत्र नवे नाही. सुजाताचे एक वाक्य, "पुन्हा घ्यायची ताकद नाही", इथे निर्णायक ठरले, आणि ठरायलाच हवे होते. खर्चाचा तक्ता मी समोर ठेवला होता, पण तो त्या वाक्याइतका जड नव्हता.

कायदा या वापराला परवानगी देतो. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार भ्रूणाची चाचणी ज्ञात, आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. 1994 चा लिंगनिदानविरोधी कायदा 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांनाही लागू आहे, आणि हिमोग्लोबिनचे आजार त्याच्या परवानगीच्या यादीत आहेत. भ्रूण मुलाचा की मुलीचा हे अहवालात येत नाही, येऊ द्यायचेही नसते. एका काकांनी फोनवर विचारलेच. हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर देणे दोन्ही गुन्हा आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पुन्हा फोन आला नाही.

आणखी दोन पर्यायांवर बराच वेळ गेला. एक राहुलने कुठेतरी वाचलेला: असे भावंड जन्माला घालायचे, ज्याचा बोनमॅरो (अस्थिमज्जा) मोठ्याला जुळेल. भारतात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका मुलासाठी असे झालेले आहे. अहमदाबादच्या त्या मुलावर 2020 मध्ये बहिणीचा मॅरो घेऊन प्रत्यारोपण झाले. पण कागदावर गणित मांडले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ऊतकांची जुळणी ठरवणारी एचएलए जनुके 6 व्या गुणसूत्रावर, सिकलचे जनुक 11 व्यावर, म्हणजे दोन्ही गोष्टी स्वतंत्र. आजारी नसण्याची शक्यता चारात तीन, जुळण्याची चारात एक. दोन्ही मिळून सोळात तीन. पाच भ्रूण मिळाले तर सरासरी एकही पूर्ण हाती येत नाही. शिवाय कायद्याच्या कलमात शब्द 'आजार' असा आहे आणि एचएलए जुळणी हा आजार नाही. माझ्या मनात याहून मोठा प्रश्न होता तो येणाऱ्या मुलाचा. ज्याचा जन्मच कामासाठी ठरवला, त्याच्याकडून काम झाले नाही तर घर त्याच्याकडे कसे बघेल? सुजाता म्हणाली, "हे मूल आम्हाला हवंय म्हणून यावं." तो विषय तिथे संपला.

दुसरा पर्याय आयव्हीएफ सेंटरने सुचवलेला 'पीजीटी-ए', म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येची तपासणी, जादा पैसे देऊन. ऐकायला चांगले वाटते: तपासतोच आहोत, तर सगळेच तपासू. पण 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधल्या 1,212 महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय 20 ते 37, प्रत्येकीकडे तीन किंवा जास्त चांगले भ्रूण. पीजीटी-ए केलेल्या गटात 77.2 टक्के जणींना मूल झाले, न केलेल्या गटात 81.8 टक्के जणींना. सुजाताच्या वयात या तपासणीने मूल होण्याची शक्यता वाढते असे म्हणायला आधार नव्हता. सिकलच्या चाळणीत चौथा हिस्सा जाणारच होता, त्यात संदिग्ध उत्तरे देणारी दुसरी चाळणी लावून हातातले भ्रूण आणखी कमी करायचे कशाला? दोघांनी ती नाकारली.

काय केले

2024 च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेची पूर्वतयारी सुरू झाली. भ्रूणातून पाच ते दहा पेशीच काढता येतात. एका पेशीतला डीएनए इतका सूक्ष्म असतो की तो आधी अनेक पटींनी वाढवावा लागतो, आणि वाढवताना जनुकाच्या जोडीतली एखादी प्रत निसटू शकते. मग एएस भ्रूण एसएस दिसतो आणि चांगला भ्रूण बाजूला पडतो. आईच्या पेशी मिसळल्या तर त्याहून वाईट: एसएस भ्रूण एएस दिसू शकतो. म्हणूनच बीजाभोवतीच्या पेशी नीट काढून, एकाच शुक्राणूची सुई देऊन (इक्सी) फलन करतात. शिवाय फक्त तेच एक अक्षर न वाचता जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणाही वाचतात. कोणती खूण आजारी प्रतीसोबत चालते हे ओळखायला आईवडिलांसोबत आजारी मुलाचे रक्त लागते.

मोठ्या मुलाचे रक्त त्यामुळे घ्यावे लागले. सात वर्षांच्या त्या मुलाला सुया नवीन नाहीत. त्याने विचारले, "माझं कशाला, मी तर बरा आहे ना आज?" राहुलने त्याला सरळ सांगितले की येणाऱ्या बाळाला असे दुखू नये म्हणून डॉक्टरांना तुझी मदत हवी आहे. मुलाला खरे कारण सांगणे मला योग्य वाटले.

एप्रिलमध्ये सुजाताची 11 स्त्रीबीजे मिळाली. नऊ परिपक्व होती, सात फलित झाली, पाच भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशीच्या, टप्प्यापर्यंत वाढले. त्यांच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते, थोड्या पेशी काढून नळ्यांमध्ये दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवल्या. भ्रूण गोठवून नागपुरातच ठेवले.

पेशी काढण्याआधीच्या संमतिपत्रात एक ओळ होती: वाहक भ्रूण निघाल्यास प्रत्यारोपण करावे का? समोर तीन चौकोन होते, 'होय', 'नाही' आणि 'नंतर ठरवू'. दोघांनी तिसऱ्यावर खूण केली.

अहवाल आला तेव्हा

मे महिन्यात अहवाल आला, त्याच आठवड्यात मोठा मुलगा क्रायसिसमुळे भरती होता. एक भ्रूण एसएस. दोन एएस, त्यातला एक पाचव्या दिवसाचा उत्तम प्रतीचा. एक एए, पण सहाव्या दिवसाचा आणि प्रतीने कमी. पाचव्याचे निदानच झाले नाही, कारण डीएनए पुरेसा वाढला नाही.

अहवाल वाचताना आधी गोंधळ झाला. भ्रूणाची प्रत सांगायलाही अक्षरेच वापरतात, आणि त्यातल्या चांगल्या भ्रूणापुढे '4एए' असे लिहिलेले होते. राहुलला वाटले हाच एए पॅटर्नचा. प्रत्यक्षात तो एएस होता. मी दोन्ही गोष्टी वेगळ्या कागदावर, एक मराठीत 'सिकल पॅटर्न' आणि एक 'वाढीची प्रत', अशा पुन्हा लिहून दिल्या.

त्या बैठकीला राहुलची आईही आली होती. तिचे म्हणणे ठाम होते: "काहून मॅडम, एवढा पैसा लावून पुन्हा सिकलवालंच लेकरू घ्याचं? साफ असन तेच घ्या, बाकीचे काढून टाका."

सुजाता हळूच म्हणाली, "आई, तुमचाही पॅटर्न एएसच आहे."

"मले तं काहीच झालं नाही आजवर. भंडाऱ्याकडे रोवणी केली, चार लेकरं वाढवली."

"तेच तर म्हणते मी."

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आजींना 2018 च्या तपासणीतच हे सांगितले गेले होते, पण आपला तो कागद आणि समोरचा भ्रूण यांचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता. एएस व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. फार उंचीवर, किंवा पाणी न पिता अतिश्रम केल्यास क्वचित त्रास होतो, कधी लघवीतून रक्त जाते. त्यापलीकडे एकच जबाबदारी राहते, जोडीदाराचा पॅटर्न तपासून घेण्याची. म्हणूनच वाहक भ्रूण प्रत्यारोपणाला योग्य मानणे ही रूढ पद्धत आहे. मी हे सांगितले, आणि निवड दोघांची आहे हेही.

राहुलची काळजी वेगळी होती. त्याला आजाराची भीती नव्हती, लग्नाच्या बैठकीची होती. "पुढे याला कोणी विचारलं तर आम्ही जाणूनबुजून वाहक ठेवला असं होईल." ही भीती खोटी नाही. एएस आहे म्हणून स्थळ परत गेलेली मुलेमुली मी पाहते, आणि ज्याला आजार नाही त्याला आजारी ठरवण्याच्या या सवयीचा मला राग येतो. पण बाहेरच्या जगातला तो भेद घरात भ्रूण निवडताना लावायचा का, हे त्यांनीच ठरवायचे होते.

सुजाताला जास्त संधी असलेला, उत्तम प्रतीचा एएस भ्रूण हवा होता. राहुल आणि आजींना एए. दोन आठवडे घरात यावर बोलणे होत राहिले, मुलगा तेव्हा नुकताच घरी आला होता. शेवटी ठरले: आधी एए, नाही झाले तर उत्तम प्रतीचा एएस. सुजाता म्हणाली, "नंतर मनात किंतू राहायला नको."

निष्पत्ती

जुलैमध्ये एए भ्रूण सोडला. गर्भ राहिला नाही. कमी प्रतीमुळेच तो रुजला नाही असे म्हणता येणार नाही, चांगल्या प्रतीचेही कित्येक भ्रूण रुजत नाहीत. पीजीटी-ए करायला हवी होती का, असे राहुलने विचारले. त्या तपासणीने भ्रूण सुधारला नसता. फार तर त्यात दोष असल्यास आधी कळला असता.

सप्टेंबरमध्ये एएस भ्रूण सोडला आणि गर्भ राहिला. भ्रूणाच्या चाचणीत चुकीची थोडी शक्यता उरतेच, म्हणून पुढे खात्री करून घ्यायचा सल्ला दिला जातो. सुजाताला सीव्हीएसच्या सुईची भीती होती, आधीच्या आठवणीमुळे जास्तच. तरी तिने ती करून घेतली. एएस निघाले. 2025 च्या जूनमध्ये मुलगी झाली. सहा महिन्यांनंतरच्या एचपीएलसीतही एएसच. नवजात बाळात एचबीएफ, म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, जास्त असल्याने ही तपासणी थोडी थांबून पुन्हा करावी लागते.

एकूण खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास गेला, त्यातला बराच राहुलच्या पतसंस्थेच्या कर्जातून. हप्ते अजून सुरू आहेत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, राहुलची तपासणी पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी होती. सुजाताचे एएस तिच्या कार्डावर नोंदलेले होते. पत्नी वाहक असेल तर पतीची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, एवढी साधी गोष्ट त्या वेळी घडली नाही.

दुसरी गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. वाहक भ्रूणाचे काय करायचे, हा निर्णय पेशी काढण्याआधीच व्हायला हवा. 'नंतर ठरवू' हा चौकोन दिलासा देतो, पण तो निर्णय अशा दिवशी ढकलतो जेव्हा समोर पाचच भ्रूण असतात, प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि घरात मूल आजारी असते. आधी विचारले तर प्रश्न तत्त्वाचा राहतो: आमच्यासारखे मूल आम्हाला चालेल का? बहुतेक वाहक आईबाप याला सहज 'हो' म्हणतात. अहवाल समोर असताना तोच प्रश्न चांगले आणि वाईट यांतला वाटू लागतो. आजींनाही त्या आधीच्या बैठकीला बोलवायला हवे, कारण अशा घरांत निर्णय दोघांचा असला तरी चर्चा सगळ्यांची असते. आधीच 'होय' ठरले असते तर वाढीची प्रत पाहून क्रम लागला असता. एक फेरी वाचली असती का, हे सांगता येत नाही. दोन आठवड्यांचा ताण नक्की वाचला असता.

तिसरी, मोठ्या मुलाच्या औषधांची जबाबदारी. सुजाताची इंजेक्शने सुरू असताना एप्रिलमध्ये त्याच्या हायड्रॉक्सियुरियाची एक तपासणी चुकली. मेची भरती त्यामुळेच झाली असे नाही, नागपूरचे ऊन पुरेसे कारण आहे. पण घरात आजारी मूल असताना आयव्हीएफ सुरू होत असेल, तर त्या तीन महिन्यांत त्याच्या तारखा कोण सांभाळणार हे नाव घेऊन ठरवावे. इथे ते काम पुढे आजींनी घेतले, आणि तेव्हापासून एकही तपासणी चुकलेली नाही.

चौथी, अहवालाची भाषा. सिकल पॅटर्न आणि वाढीची प्रत वेगळ्या रकान्यांत, आणि शक्यतो मराठीत. दवाखान्याने हे करणे अवघड नाही.

तीन भ्रूण अजून गोठवलेले आहेत: एक एएस, एक निदान न झालेला आणि एक एसएस. कायद्याने ते जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात, त्यानंतर ते नष्ट करावे लागतात किंवा संमतीने संशोधनाला देता येतात. एसएस भ्रूण संशोधनाला द्यायचा, असे दोघांनी ठरवले आहे. निदान न झालेल्याच्या पेशी पुन्हा काढता येतात, पण त्याला पुन्हा वितळवून गोठवावे लागते, म्हणून तो तसाच राहू दिला आहे. एएस भ्रूणासाठी साठवणुकीचे वार्षिक शुल्क भरले आहे. त्याच्या संमतिपत्रात 'नंतर ठरवू' हा चौकोन आता नाही. पुढे मूल हवे असे ठरलेच तर हा भ्रूण सोडायचा, असे दोघांनी सहीनिशी लिहून दिले आहे.